नात्याचा रकाना

फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. मंगळवार, सकाळचे साडेनऊ. डाव्या हातात दोन सुया, रक्त नळीतून बाहेर जातंय, धुऊन परत आत येतंय, आणि मी बर्फाचा खडा चोखत बसलेय. मूत्रपिंडं गेलेल्या माणसानं पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून बर्फ.

"युनिव्हर्सिटीतून बोलतेय. आपण रिनेलच्या आई का?" बाईचा आवाज. मऊ, लोण्यासारखा.

"हो."

"म्हणजे नापालजारी आपणच?"

"हो बाई, मीच नापालजारी."

"आणि आपली तब्येत... बरी आहे ना?"

मला बरं वाटलं हो! लेकीच्या युनिव्हर्सिटीतून फोन येतो आणि आईची तब्येत विचारतात. म्हटलं, "मशीनवर आहे, पण जिवंत आहे. मरायला सवड कुठंय मला?" आणि हसले. ती हसली नाही. पलीकडून नुसती कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"थँक्यू, मावशी. एवढंच विचारायचं होतं."

शेजारच्या खुर्चीतल्या म्हातारीला मी सांगितलं, "बघ, किती चांगली माणसं आहेत." कपाळ माझं! स्वतःच्या तोंडानं पोरीच्या पायावर धोंडा पाडला आणि वर त्या बाईला चांगली म्हटलं.

शुक्रवारी रिनेल हॉस्टेलवर आली, हातात पत्र. अॅलिस शहरात आम्हा मशीनवाल्यांसाठी एक हॉस्टेल आहे, दोन वर्षं मी तिथंच पडून आहे. आमची वस्ती कावळेपाणी, तीनशे किलोमीटर लांब, अर्धा रस्ता कच्चा. तिथं मशीन नाही असं नाही. दोन खुर्च्या आल्यात, दोन मशीनं आलीत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीत. चालवायला नर्स नाही. येते एखादी शहरातून, उन्हाला आणि माशांना कंटाळते, तीन महिन्यांत पळते. रिनेल त्याच दवाखान्यात नऊ वर्षं मदतनीस होती. एक दिवस म्हणाली, "आई, आता मीच नर्स होते. मी कुठं पळून जाणारेय?"

पण शाळा नववीत सुटलेली. एकदम नर्सिंगला कोण घेणार? म्हणून ही पदविका. आदिवासी अभ्यासाची पायाभूत पदविका. आमच्यासारख्यांसाठीच काढलीय म्हणे, एक वर्षाची. ती पास झालं की नर्सिंगची जागा पक्की. एकतीस वर्षांची माझी लेक, वर्ष संपायला तीन आठवडे उरलेले, आणि हातात हे पत्र.

"वाच," म्हटलं.

तिनं वाचलं. सरकारी भाषा, पण मला कळली. विद्यार्थिनीनं एकाच व्यक्तीच्या मृत्यूचं कारण तीन वेळा दाखवून विशेष रजा घेतली. फेब्रुवारीत, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. सदर व्यक्ती हयात असल्याची खात्री दूरध्वनीवरून करण्यात आली आहे.

"सदर व्यक्ती कोण?"

"तू," रिनेल म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आम्ही चौघी सख्ख्या बहिणी. थोरली, मग मी, मग तिसरी, मग धाकटी. आमच्यात जन्माबरोबर माणसाला घराण्याचं नाव लागतं, ते आईबापावरून ठरतं. आम्ही चौघी नापालजारी. आमची पोरं सगळी चौघींची. रिनेलला मी जन्म दिला, पण न्हाऊ घातलं थोरलीनं, शाळेत ओढत नेलं तिसरीनं, आणि लाडावून ठेवलं धाकटीनं. आमच्या भाषेत मावशीला वेगळा शब्दच नाही. आईची बहीण ती आई. रिनेलला चार आया होत्या. या एका वर्षात तीन गेल्या. तिघी माझ्यासारख्याच, मशीनवर, घरापासून लांब.

आता आमच्यात माणूस गेलं की त्याचं नावही जातं. तोंडानं घ्यायचं नाही, लिहायचं नाही, ऐकू आलं तरी काळीज चिरतं. त्या नावाच्या जागी कुमांजाई म्हणायचं. म्हणून पोरीनं तीनदा अर्ज भरला आणि तिन्ही वेळा खरं तेच लिहिलं. मृताचं नाव: कुमांजाई नापालजारी. विद्यार्थ्याशी नातं: आई.

दुसरं काय लिहिणार होती ती?

"म्हणजे त्यांना वाटतंय की मी तीनदा मेले?"

"हो. आणि चौथ्यांदा फोन उचललास."

हसावं की रडावं कळेना. आम्ही दोघी हसलोच आधी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग रिनेलचं हसू थांबलं.

"चौकशी पुढच्या गुरुवारी आहे. दहा वाजता. ठरलं खोटं, तर पदविका रद्द. नर्सिंगची जागा डिसेंबरात दुसऱ्याला."

"मी येते."

"गुरुवारी तुझं मशीन असतं."

"एक दिवस नाही केलं तर काय होईल?"

"काय होतं ते मी नऊ वर्षं बघत आलेय, आई! पाय सुजतात, छातीत पाणी भरतं. धाकट्या आईनं दोन दिवस चुकवले होते, माहितेय ना?"

"माहितेय. मला शिकवू नकोस. अजून नर्स झाली नाहीस तू."

फार लागलं तिला ते. मलाही. पण मी गेलेच.

खोलीत गार हवा, लांबलचक टेबल, भिंतीवर आमच्याच कुणाचं तरी ठिपक्यांचं चित्र. टेबलापाशी डॉक्टर हॅलोरन, तिला शिकवणारे, पांढरी दाढी, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. शेजारी लोण्याच्या आवाजाची ती टॅम्सिन, समोर लॅपटॉप. तिसरा एक जण पडद्यावर, दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून, अर्धा वेळ गोठलेला.

टॅम्सिननं आधी एक कागद वाचला. या भूमीच्या मूळ मालकांना आम्ही वंदन करतो, त्यांच्या होऊन गेलेल्या आणि हयात ज्येष्ठांना आदर अर्पण करतो. त्यांचा नियम आहे तो, प्रत्येक बैठकीआधी वाचायचा. वाचताना एकदाही वर बघितलं नाही बयेनं. हयात ज्येष्ठ तिच्यासमोर सुजलेले पाय घेऊन बसली होती, आणि तिला साधं पायाखाली घ्यायला स्टूल द्यायचं सुचलं नाही.

"वर्नामावशी, आपण आलात, आनंद झाला," हॅलोरन म्हणाले.

वर्ना हे माझं कागदावरचं नाव. आणि हे एक बघा. इकडं गोऱ्या अधिकाऱ्यांना शिकवून ठेवलंय, वयस्कर काळी बाई दिसली की मावशी म्हणायचं. ओळख ना पाळख, उठता बसता मावशी.

"तर रिनेल," टॅम्सिन म्हणाली, "गैरसमज असेल तर आपण सोडवू. आम्हाला फक्त सांग, नक्की कोण वारलं?"

"माझ्या आया."

"तुझी आई इथं बसलीय."

"ही चौथी. हिच्या तीन बहिणी गेल्या."

"म्हणजे मावश्या."

"आया."

"बरं. त्यांची नावं?"

रिनेलनं पिशवीतून पुस्तक काढलं. जाडजूड, कव्हरवर लाल माती आणि हॅलोरनसाहेबांचं नाव. पदविकेला हेच लावलेलं. तिनं ते उघडून त्यांच्यासमोर सरकवलं.

"सर, प्रकरण चौथं. वाचा ना."

"मला माहितेय त्यात काय आहे," ते हसून म्हणाले. "मीच लिहिलंय."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी शिकलेली नाही. मला वाचून दाखवा."

आता म्हातारीला नाही कसं म्हणणार? वाचलं त्यांनी. आईच्या सर्व बहिणींना आईच मानलं जातं आणि त्यांच्याबाबतची कर्तव्यं सख्ख्या आईइतकीच असतात. मृताच्या नावाचा उच्चार निषिद्ध असतो, त्याऐवजी पर्यायी शब्द वापरतात. खाली कंसात उदाहरणसुद्धा दिलेलं: कुमांजाई.

"छान लिहिलंय," मी म्हटलं. "कुणाला विचारून लिहिलंत?"

"तुमच्या भागात मी बारा वर्षं काम केलंय, मावशी."

रिनेलनं आणखी एक कागद पुढं केला. तिचाच निबंध, मेमध्ये लिहिलेला, याच प्रकरणावर. दहापैकी नऊ गुण. बाजूला लाल शाईत साहेबांचं अक्षर: खूप अस्सल, अनुभवातून लिहिलंस.

"सर, हेच मी निबंधात लिहिलं तर अस्सल. हेच अर्जात लिहिलं तर खोटं?"

पडद्यावरचा माणूस गोठलेलाच होता, त्याचं बरं होतं. हॅलोरननी दाढी कुरवाळली.

"रिनेल, तू हुशार आहेस म्हणून सांगतो. तो अभ्यासक्रम आहे. हे प्रशासन आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. मला वैयक्तिकरीत्या सगळं पटतं गं. पण जवळचं नातं म्हणजे काय, ते नियमात लिहिलेलं आहे. आई, वडील, नवरा, सख्खं भावंड, मूल."

"आणि ते कुणी लिहिलं?" मी विचारलं. "तोही बारा वर्षं आमच्यात राहिला होता का?"

टॅम्सिननं घसा खाकरला. तिनं तीन कोरे फॉर्म काढले आणि म्हणाली, आपण मार्ग काढू. तिघींची खरी नावं लिहायची. नात्यात मावशी लिहायचं. मावशीला नियमानं एकच दिवस रजा मिळते, पण समिती सहानुभूती दाखवेल, बाकीची गैरहजेरी माफ करेल. समजुतीची चूक झाली अशी एक ओळ, खाली सही. "पाच मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली आणि पेन पुढं सरकवलं.

पाच मिनिटं. त्या तीन नावांसाठी कावळेपाण्यात घरं रिकामी केली होती आम्ही. अंगण झाडून पावलं पुसली होती, धुरानं खोल्या शुद्ध केल्या होत्या, फोटो उलटे ठेवले होते. धाकटीच्या नावाची एक शाळकरी पोर आहे वस्तीत, तिलाही आता सगळे कुमांजाई म्हणतात.

रिनेलनं पेनाला हात लावला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला ते लिहिता येणार नव्हतं, मेली असती तरी. ती लेक आहे. ती नावं कधी मोकळी करायची ते ठरवायचा हक्क उरला होता एकट्या बहिणीला. म्हणजे मला.

माझ्या डोळ्यांपुढं काय आलं सांगू? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या त्या दोन खुर्च्या. खिडकीला लावून ठेवलेली एक, जिथून कावळेपाण्याची टेकडी दिसते. तिघी त्या खुर्चीची वाट बघत अॅलिसमध्ये गेल्या. मला नाही जायचं तसं. आणि मला पोरीला नर्स झालेलं बघायचं होतं. एवढं साधं होतं ते. मी स्वार्थी असेन तर असेन.

"रिनेल, बाहेर जा," मी म्हटलं.

"आई, नको."

"बाहेर जा आणि कान झाक."

ती गेली. काचेच्या दारापलीकडं पाठ करून उभी राहिली, दोन्ही हात कानांवर. आणि मी माझ्या बहिणींची नावं घेतली. थोरलीचं, तिसरीचं, धाकटीचं. इथं नाही सांगणार. तिघींना असं तोंडातून ओढून काढलं. एका गार खोलीत, या परक्यांसमोर, धाकटीला जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

"सॉरी, दुसरं पुन्हा एकदा सांगाल?" टॅम्सिन म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही."

मी पुन्हा सांगितलं.

टकटक केलं तिनं. मिनिटभर पडद्याकडं बघितलं. "हो, तिन्ही नोंदी आहेत सरकारी यादीत. मृत्यूच्या तारखाही जुळतात."

"म्हणजे तुझ्याकडं होतंच हे?"

"शोधायला नाव लागतं ना, मावशी."

"माझा फोन नंबर शोधायला नाव लागलं नाही. मी जिवंत आहे का ते शोधायला दोन मिनिटं मिळाली तुला. माझ्या बहिणी मेल्या का, ते शोधायला नाही मिळाली?" माझा आवाज चढला. चढू दे. "आणि मला मावशी म्हणू नकोस. मी तुझी कुणीही नाही. तुम्ही रस्त्यावर भेटेल तिला मावशी म्हणता, तेव्हा नियम आडवा येत नाही. माझ्या लेकीनं आईला आई म्हटलं की येतो. लाज कशी वाटत नाही गं?"

टॅम्सिनचा चेहरा लाल झाला. हॅलोरन म्हणाले, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो." मी म्हटलं, "समजू नका. फॉर्म भरा."

भरले. तीन नावं, तीन तारखा, नात्यापुढं तीनदा मावशी. टॅम्सिननं सगळं आपल्या हातानं लिहिलं, फक्त सही ठेवली. रिनेलला आत बोलावलं. तिनं कागदांवरची नावं हातानं झाकून धरली, दिसू नयेत म्हणून, आणि उरलेलं वाचलं.

मग पेन उचललं. माझा जीव भांड्यात पडला.

तिनं मावशी शब्दावर रेघ मारली. वर लिहिलं, आई. दुसऱ्या कागदावर रेघ, आई. तिसऱ्यावर रेघ, आई. खाली सही केली.

"अगं, काय केलंस!" मी ओरडले. "मी माझ्या बहिणी विकल्या तुझ्यासाठी! एका शब्दासाठी घालवतेस सगळं?"

"तू नावं दिलीस. ती तुझ्या बहिणींची होती, तुझा हक्क होता," ती म्हणाली. "आया माझ्या आहेत. मी मावशी लिहिलं तर मी खरंच खोटं लिहिलं असं होईल, आई. आज पहिल्यांदा."

हॅलोरननी उसासा टाकला. "रिनेल, मग आमचे हात बांधलेले आहेत."

"सोडा मग," ती म्हणाली. "कुणी बांधलेत ते बघा आणि सोडा."

बाहेर पार्किंगमध्ये चाळीस डिग्री ऊन. मी तिच्याशी बोलत नव्हते. ती माझ्याशी बोलत नव्हती. गाडीपर्यंत पोचायच्या आधी मला धाप लागली, मी पायरीवर बसले. तिनं खाली बसून माझ्या घोट्यावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघितलं, आणि मला सरळ मशीनकडं घेऊन गेली. तिथल्या नर्सशी भांडून संध्याकाळची खुर्ची मिळवली. रात्री मला झोप लागेपर्यंत हात धरून बसली होती. तेवढ्यानं राग गेला माझा. तिच्यावरचा गेला. बाकीच्यांवरचा आहे अजून, ताजा आहे.

आठ दिवसांनी निकाल आला. फसवणुकीचा आरोप मागे. मृत्यू खरे असल्याचं समितीनं मान्य केलं आणि सहवेदना कळवल्या. परंतु नातं नियमात बसत नसल्यानं रजा नामंजूर, गैरहजेरी कायम, एका विषयात नापास. विषयाचं नाव: आदिवासी कुटुंब आणि नातेसंबंध. विद्यार्थिनी पुढील वर्षी पहिल्यापासून प्रवेश घेऊ शकते.

नर्सिंगची जागा गेली. कावळेपाण्याच्या दवाखान्यात त्या दोन खुर्च्यांच्या प्लॅस्टिकवर आणखी एका उन्हाळ्याची धूळ बसली. वस्तीतल्या दोघा जणांना मागच्या महिन्यात अॅलिसला आणून टाकलं, माझ्या हॉस्टेलमध्ये. मी मात्र माझ्या बहिणींची क्षमा मागायला गेले. तिघींच्या मातीवर आडवी पडून मागितली. मिळाली की नाही, माहीत नाही.

रिनेलनं पुन्हा प्रवेश घेतला. तेच पुस्तक, तेच प्रकरण चौथं, तेच हॅलोरन. मी म्हटलं, "तोंड बघवतं तुला त्यांचं?" म्हणाली, "मला नर्स व्हायचंय, आई. त्यांचं तोंड बघायला नाही जात मी."

आणि परवा मंगळवारी पुन्हा फोन वाजला. डाव्या हातात सुया, उजव्या हातात बर्फ. नवीन आवाज, कुणी तरुण पोरगा होता.

"नमस्कार मावशी, विद्यार्थ्यांच्या नोंदी अद्ययावत करतोय. आपण रिनेलच्या आई का?"

मी नळीतून जाणाऱ्या माझ्या रक्ताकडं बघितलं.

"हो," मी म्हटलं. "एकच उरलेय. तिला लवकर शिकवा."